वडील रोज तासभर चालतात, तरी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. हे वयामुळेच का? प्रोटीन पावडरने फरक पडेल का?

वय ७३, वजन ६० किलो, चालण्यात खंड नाही आणि तरी ही तक्रार, असं तुम्ही लिहिलंय. आधी पावडरीचं सांगतो. नुसत्या पावडरीने पाय बळकट होणार नाहीत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत वृद्धाश्रमातल्या १०० अशक्त रहिवाशांचे चार गट केले होते: फक्त व्यायाम, फक्त पूरक आहार, दोन्ही, आणि दोन्ही नाही. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. १० आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली आणि चालण्याचा वेगही सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. फक्त पूरक आहार घेणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. तेव्हा ७३ व्या वर्षी उशीर झाला म्हणण्यात अर्थ नाही. मात्र तो व्यायाम हलकाफुलका नव्हता. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं, त्याच्या ८० टक्के वजनाने, आठवड्यातून तीन दिवस करून घेतलेला होता.

चालण्याने हे का साधत नाही? स्नायूत संथ आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना बहुतेक काम संथ तंतू करतात. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरणं ही कामं वेगवान तंतूंची, आणि वयानुसार झिजतात ते मुख्यतः हेच. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीही कमी होत जातात, म्हणून ताकद स्नायूंच्या आकारापेक्षा कितीतरी वेगाने घटते. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी उत्तम आहे, ते बंद करू नका. पण मांडीच्या स्नायूवर त्याचा भार फारच थोडा येतो.

सुरू करण्याआधी मोजा. हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करून शक्य तितक्या लवकर पाच वेळा उभं राहायचं. पाचव्यांदा पूर्ण ताठ झाले की घड्याळ थांबवा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची कार्यक्षमता कमी समजतात. मोजताना चुका ठरलेल्या असतात: मऊ गादीची खुर्ची, अर्धवट उभं राहणं, पिंढऱ्या खुर्चीच्या कडेला दाबून उठणं. हाताशिवाय जमतच नसेल तर सेकंद मोजण्यात अर्थ नाही. मग बैठकीवर घट्ट उश्या रचा आणि कमीत कमी किती उंचीवरून हात न टेकता उठता येतं ते लिहून ठेवा. माझ्या मते घरी प्रगती पाहायला हेच सगळ्यात प्रामाणिक माप आहे.

मुख्य व्यायामही तोच. त्या उंचीवरून ८ ते १० वेळा उठायचं, बसताना तीन सेकंद मोजत हळू खाली यायचं. धप्पकन बसलं की निम्मा व्यायाम वाया जातो. असे दोन ते तीन संच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत, पण गुडघे आत न वळता. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी सगळे संच सहज झाले, की उंची दोन-तीन सेंटीमीटर कमी करा. साध्या खुर्चीपर्यंत आलात की पाठीवरच्या पिशवीत एक-एक किलो वाढवत जा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: सहा महिने तेच दहा, त्याच उंचीवरून. भार वाढला नाही तर स्नायूला बदलायचं कारणच उरत नाही.

जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं आणि कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार. तोलासाठी एका पायावर उभं राहायचं, आधार हाताशी ठेवूनच. उठताना श्वास रोखू नये, रक्तदाब झटकन चढतो. उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर ठीक, पण गुडघा सुजला किंवा सांध्यातली कळ दोन दिवसांत ओसरली नाही तर उंची वाढवून पुन्हा सुरुवात करा.

पहिले काही आठवडे टेपने मांडीचा घेर मोजू नका. सुरुवातीची वाढ मुख्यतः चेतासंस्थेमुळे होते. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लागतात. आकार मागाहून वाढतो.

आता प्रथिनं. उतारवयात तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी प्रतिसाद देतात, म्हणून २०१३ च्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम सुचवली. ६० किलोला हे ६० ते ७२ ग्रॅम होतात. सगळी एकाच जेवणात नकोत, दर जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास असावीत. सकाळचा वाटा नेहमी मारला जातो. मोजताना शिजवलेल्या पदार्थाचं वजन म्हणजे प्रथिनांचं वजन असं धरू नका. जेवणातून एवढं होत नसेल तर पावडर ही सोय आहे, औषध नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

काही गोष्टींत मात्र आधी तपासणी, मग व्यायाम. अशक्तपणा काही आठवड्यांतच आला, विनाकारण वजन उतरलं, छातीत दुखतं किंवा उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, तर हे स्नायूंचं नेहमीचं झिजणं नाही. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा वाटला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. अंधारीसाठी पाच मिनिटं आडवं राहिल्यावर आणि मग उभं राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब घ्या. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइडचा बिघाड, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि स्टेरॉइडसारखी औषधं यांमुळेही मांड्या दुबळ्या होतात.

मध्येच आजारपण आलं तर त्याचा हिशेब वेगळा. निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं तर त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून तापातून उठल्यावर जुन्या भारावर परत जाऊ नका. उश्या पुन्हा रचा, आणि दर आठ आठवड्यांनी उंची व सेकंद त्याच वहीत तारखेसह लिहीत जा.