हिब्रू, इस्रायली, यहुदी हे एकच लोक का? आणि कोकणातले बेने इस्रायल?

लोक तेच, पण प्रत्येक नाव वंशावळीतल्या वेगळ्या पुरुषाशी जोडलेलं आहे. घोळ तिथेच होतो.

हिब्रू सगळ्यांत जुनं. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात अब्राहामाला ‘इव्री’ म्हटलंय. कुणी ते त्याच्या एबर नावाच्या पूर्वजावरून आलं मानतात, तर कुणी ‘ओलांडणे’ अशा अर्थाच्या धातूवरून, म्हणजे नदीपलीकडून आलेला माणूस. आज हा शब्द मुख्यतः भाषेपुरता उरलाय.

अब्राहामाचा मुलगा इसहाक, त्याचा याकोब. याकोबानं रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंज दिली आणि पहाटे त्याला नवं नाव मिळालं, इस्रायल. देवाशी झुंजलेला, असा अर्थ तिथेच सांगितलाय. त्याच्या मुलांपासून बारा वंश झाले, तेच ‘बेने इस्रायल’, इस्रायलची मुलं. आजचा ‘इस्रायली’ मात्र १९४८ साली स्थापन झालेल्या देशाचा नागरिक. त्यांतले साधारण एक पंचमांश अरब आहेत, म्हणून इस्रायली आणि यहुदी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

यहुदा हा याकोबाचा चौथा मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळी आई लेआ म्हणाली, आता मी परमेश्वराची स्तुती करीन, नावही त्यावरूनच. पण बारा भावांपैकी एकाचं नाव सगळ्यांना का पडलं? शलमोन राजानंतर या बारा वंशांचं राज्य दुभंगलं. उत्तरेचं इस्रायल राज्य अश्शूरांनी, म्हणजे अ‍ॅसिरियानं, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास बुडवलं आणि तिथले वंश पांगले. दक्षिणेचं यहुदा, म्हणजे जेरुसलेमचं राज्य, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलनं, म्हणजे बॅबिलोननं, जिंकलं, लोकांना कैद करून नेलं. पण ते लोक समाज म्हणून टिकले. मग त्यांचंच नाव सर्वांना चिकटलं. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकातला मर्दखय बन्यामीन वंशाचा, तरी त्याला ‘यहुदी’च म्हटलंय. याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. ‘ज्यू’ हे त्याच शब्दाचं ग्रीक, लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत आलेलं रूप.

आता आपल्याकडचे, कोकणातले बेने इस्रायल. त्यांनी याकोबाचं नाव धरून ठेवलं. त्यांच्या परंपरेनुसार नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ते तेल गाळू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या यहुदी विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. अलिबागेत त्यांच्या वस्तीला इस्रायल आळीच म्हणतात. आडनावं पाहा: दिवेकर, पेणकर, रोहेकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. याकोबाचा वंश आणि कोकणातलं गाव, दोन्ही एका नावात!

वंशाबद्दल एक आवर्जून सांगतो: तो निव्वळ रक्ताचा हिशेब नाही. पारंपरिक धर्मशास्त्रानुसार यहुदी आईचं मूल यहुदी. कोहेन आणि लेवी ही पुरोहित व मंदिरसेवकांची घराणी मात्र बापाकडून चालतात. धर्म स्वीकारून आलेल्याला धार्मिक विधीत ‘अब्राहामाचा मुलगा’ म्हणतात. खुद्द दाविद राजाची पणजी रूथ परकी, मवाबी होती. आणि तरीही इस्रायलला गेलेल्या आपल्या बेने इस्रायलांच्या वंशाबद्दल तिथल्या धर्मपीठानं लग्नांच्या बाबतीत शंका घेतली. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळलेल्या माणसांकडे पूर्वजांचे दाखले मागायचे, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. ते गप्प बसले नाहीत, आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये इस्रायल सरकारला ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं जाहीर करावं लागलं.