‘सरकारने कायदा मंजूर केला’?

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘सरकार’ आणि ‘विधिमंडळ’ एकच का? ‘सरकारने कायदा मंजूर केला’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. बातम्यांत हे ऐकून ऐकून कान किटले. सरकार विधेयक मांडतं, मंजूर करतं ते विधिमंडळ. घटनेच्या १६८व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल, विधानसभा आणि विधानपरिषद मिळून आपलं विधिमंडळ होतं. सभागृहांत २८८ आणि ७८ मिळून ३६६ जागा; मंत्री मात्र मुख्यमंत्री धरून फार तर ४३, कारण २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेच्या १५ टक्क्यांची वेस घातली. बाकीचे आमदार, सत्ताधारी बाकांवर बसत असले तरी, सरकार नव्हेत. उलट मंत्री नसलेला कुणीही आमदार, अगदी विरोधी पक्षातला, अशासकीय विधेयक मांडू शकतो. मंत्रालय वेगळं, विधानभवन वेगळं, हे नरिमन पॉइंटला उतरणाऱ्या कुणालाही दिसतं. मंत्रालयात फाइल पुढे सरकावी म्हणून खेटे घालणारा माणूस तिथे कायदा करून घ्यायला आलेला नसतो.

खरी गंमत ‘सरकार’ या शब्दात आहे. फारसी ‘सर’ म्हणजे डोकं. सरदार, सरनोबत, सरपंच यांतला. ‘कार’ म्हणजे काम. कारकून, कारखाना, कारभार यांतला. आणि हा ‘सर’ संस्कृत ‘शिरा’चा सख्खा चुलतभाऊ, ‘कार’ तर ‘कृ’ धातूच्याच घरातला! म्हणून ‘सरकार’ परका म्हणून हाकलून ‘शासन’ रुजवू पाहणाऱ्या शुद्धिवाद्यांचं मला हसू येतं. ‘शास्’ म्हणजे हुकूम करणं, शिक्षा करणं, शिकवणं. ‘शिष्य’ त्यातूनच आला. लोकशाहीत मतदाराला छडीखाली बसवणारा शब्द शुद्ध, आणि काम सांगणारा शब्द अशुद्ध? दाराबाहेर ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लावली तरी आत शिरणारा ‘सरकारी काम आहे’ असंच म्हणतो.

माझा तर्क असा. ‘सरकार’ हे आधी माणसाला उद्देशून म्हणायचे. मुजरा करून ‘जी सरकार’. मग कंपनी सरकार आलं, मग इंग्रज सरकार. हुकूम देणारा, दंड करणारा, माफ करणारा, सगळा एकच धनी. धनी गेले, शब्द राहिला, आणि त्याच्यासोबत ‘सगळं सरकारच करतं’ ही समजूतही राहिली. कोशकार याला नुसता अर्थविस्तार म्हणून मोकळे होतात. मला ती जुनी मुजऱ्याची सवय वाटते.

हां, तुमचं वाक्य. ‘सरकारनं मांडलेलं विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं’ असं लिहा. ‘कायदा’ हा शब्द राज्यपालांची संमती मिळाल्यावरच वापरा. अधिवेशन नसताना निघतो तो अध्यादेश; सरकारच्या सल्ल्यानं राज्यपाल तो काढतात, तिथे मात्र ‘मंजूर’ हा शब्द नको.