रोमिओ-ज्युलिएटच्या मृत्यूला जबाबदार कोण? माझ्या मते फ्रायर लॉरेन्स

प्रश्न असा आहे की शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्युलिएटच्या मृत्यूला नेमकं जबाबदार कोण. बहुतेकांनी दोन घराण्यांचं वैर किंवा नशीब असं उत्तर दिलंय. मला दोन्ही पटत नाहीत; माझा रोख त्यांचं लग्न लावणाऱ्या साधूवर, फ्रायर लॉरेन्सवर आहे.

नशिबाचं आधी उरकतो. सुरुवातीच्या निवेदनातच या जोडप्याचे ग्रह फिरलेले आहेत असं सांगितलंय, म्हणून वाचक तिथेच अडकतो. पण पुढे प्रत्येक वळणावर कुणीतरी माणूसच निर्णय घेताना दिसतो.

आता वैर. ते खरं तर थकत आलेलं आहे. पहिल्याच अंकात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला म्हणतो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणं काही कठीण नाही. त्याच रात्री मेजवानीत रोमिओ घुसलाय हे कळल्यावर कॅप्युलेटच्या बायकोचा भाचा टिबॉल्ट तलवार मागतो, तर कॅप्युलेट त्यालाच झापतो. पोरगा सभ्य आहे, अख्खं व्हेरोना त्याला नावाजतं, माझ्या घरात त्याचा अपमान होता कामा नये! शत्रूच्या मुलाबद्दल असं बोलणाऱ्या बापाशी निदान बोलून तरी बघता आलं असतं. (याच बापाने पुढे पॅरिसशी लग्नाला नकार देणाऱ्या मुलीला घराबाहेर काढायची धमकी दिली, आणि लग्न गुरुवारऐवजी बुधवारी ठरवून सगळी गडबड वाढवली, हेही खरं. त्याला मी सोडत नाही. पण ती आधीच विवाहित आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं?)

इथे फ्रायर लॉरेन्स येतो. या लग्नाने घराण्यांचं वैर मिटेल, म्हणून तो ते लावून देतो. हेतू चांगला, पण लग्न गुपचूप. जे लग्न कुणाला कळणारच नाही, त्याने समेट व्हायचा कसा?

त्या गुपिताचा पहिला बळी तासाभरातच पडतो. टिबॉल्ट चौकात रोमिओला डिवचतो. रोमिओ म्हणतो, कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे, पण कारण सांगू शकत नाही. मर्क्युशिओला वाटतं, मित्राने शेपूट घातली. तो स्वतःच तलवार उपसतो, रोमिओ सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून टिबॉल्टचा वार बसतो. मर्क्युशिओ दोन्ही घरांना शाप देत मरतो. ती दोन घरं सोयरी झालीत हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुढे टिबॉल्टचा खून रोमिओचाच, आणि थडग्यापाशी पॅरिसचाही. ते पाप दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

पण रोमिओपर्यंत न पोचलेल्या ज्या पत्राचं खापर सगळे प्लेगवर फोडतात, ते नीट बघा. तिसऱ्या अंकात टिबॉल्टच्या खुनापायी हद्दपार झालेल्या रोमिओला मांटुआ शहरी पाठवताना फ्रायर स्वतः सांगतो की तुझ्या नोकराला गाठून त्याच्याकरवी खबरबात कळवत राहीन. आणि ज्युलिएटने औषध पिऊन मेल्यासारखं पडून राहायचं असा बेत ठरल्यावर पत्र कुणाबरोबर पाठवतो? फ्रायर जॉनबरोबर. जॉन सोबतीला दुसरा साधू शोधत बसतो, तो साधू आजाऱ्यांना भेटून आलेला, म्हणून प्लेगच्या संशयाने दोघांनाही एका घरात कोंडून बाहेरून दार बंद केलं जातं. तिकडे तो नोकर, बाल्थझार, कुणी काही न सांगितल्यामुळे ज्युलिएट गेल्याची बातमी घेऊन थेट मांटुआ गाठतो. त्याला बघून रोमिओ विचारतो, फ्रायरचं पत्र आणलं नाहीस का? म्हणजे तो ठरल्याप्रमाणे त्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

थडग्यातल्या प्रसंगाला तर माझ्याकडे माफीच नाही. ज्युलिएट शुद्धीवर येते, शेजारी नवरा मेलेला. फ्रायर म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. ती हलत नाही. पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि हा म्हणतो, आता मला थांबायची छाती नाही, आणि निघून जातो. जेमतेम तेरा वर्षांची मुलगी, समोर प्रेत, प्रेताजवळ खंजीर, आणि सगळं ठाऊक असलेला एकमेव वडीलधारा माणूस पळालेला! दाईनेही आधीच पॅरिसशी लग्न करून मोकळी हो असं सांगून तिला वाऱ्यावर सोडलं होतं.

शेवटी तो सगळं कबूल करतो, माझी चूक असेल तर शिक्षा द्या म्हणतो. व्हेरोनाचा शासक प्रिन्स लगेच म्हणतो, आम्ही तुला नेहमीच पुण्यवान मानत आलो आहोत. विषय संपला. प्रिन्सला खोलात शिरायला नकोच असणार, कारण या भांडणांकडे आपण डोळेझाक केली हे तो स्वतःच त्या प्रवेशात मान्य करतो. शेक्सपिअरने ज्यावरून कथा घेतली त्या आर्थर ब्रूकच्या 1562 च्या काव्यात निदान निकाल तरी स्पष्ट आहेत: दाईला हद्दपारी, रोमिओला विष विकणाऱ्याला फाशी, फ्रायर मोकळा. तिथेही तोच सुटला.

ज्यांना परीक्षेत हे लिहायचंय त्यांनी अंक 3 प्रवेश 3 आणि अंक 5 प्रवेश 1 शेजारी ठेवून वाचा. बाल्थझारचा मुद्दा तिथे आयता मिळेल.