दोन कंपन्यांची रॅम आणि किनाऱ्यावरची खारी हवा

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावी माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. २०१८ साली घेतलेल्या संगणकात आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ४ जीबीची एकच डीडीआर४-२४०० रॅम होती. लग्नपत्रिका आणि मोठ्या फलकांची कामे करताना संगणक फार मंदावत असे, म्हणून गेल्या श्रावणात चिपळूणहून दुसऱ्या कंपनीची ८ जीबी, ३२०० ची रॅम मागवून रिकाम्या स्लॉटमध्ये बसवून घेतली. दोन दिवस काम उत्तम चालले. तिसऱ्या दिवसापासून मध्येच निळा स्क्रीन येऊन संगणक पुन्हा सुरू होऊ लागला आणि सकाळी तर कधी कधी चालूच होत नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी सांगितले की, दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र लावल्यामुळे असे होते, पुढे मदरबोर्डही जाईल, तेव्हा दोन्ही काढून एकाच कंपनीच्या नव्या घ्या. हे खरे आहे का? इतका खर्च पुन्हा करणे मला परवडणारे नाही.

उत्तर : नवी रॅम घेण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही पट्ट्या टाकून द्याव्यात असे मला कुठेच दिसत नाही. कंपनी वेगळी असणे हा स्वतःहून दोष नव्हे, आणि त्यामुळे मदरबोर्ड जातो ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे.

रॅमच्या पट्टीवर जे नाव आपण वाचतो ते बहुतेक वेळा पट्टी तयार करून विकणाऱ्या कंपनीचे असते. तिच्यावरच्या काळ्या चिपा मात्र जगातल्या मोजक्याच कारखान्यांतून येतात आणि त्यांतल्या बहुतांश सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन उत्पादकांच्या असतात. किंग्स्टन, कोर्सेअर, जी.स्किल किंवा एडेटा या कंपन्या अशाच चिपा घेऊन पट्ट्या बांधतात. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांवर एकाच कारखान्याच्या चिपा निघू शकतात आणि उलट, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या, पण वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन पट्ट्यांवर वेगवेगळ्या चिपाही निघू शकतात. "एकाच कंपनीची घ्या" हा सल्ला देणाऱ्याला वाटते तितका पक्का नाही, तो यामुळे.

या सगळ्या पट्ट्या एकमेकींशी जुळतात, कारण त्यांचे मोजमाप कोणा एका कंपनीने ठरवलेले नसते. जेडेक ही संस्था ते ठरवते. डीडीआर४ चे मानक तिने २०१२ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक पट्टीवर एक छोटी स्वतंत्र चिप असते. पट्टीची क्षमता किती, ती कोणत्या गतीला आणि किती व्होल्टवर चालते, प्रत्येक टप्प्याला तिला किती वेळ लागतो, ही सारी माहिती त्या चिपेत नोंदलेली असते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, प्रथम ती नोंद वाचतो आणि दोन्ही पट्ट्यांना झेपेल अशी एकच गती ठरवतो. आपल्याकडे रापण ओढताना किनाऱ्यावरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एका लयीत दोर ओढावा लागतो, नाहीतर जाळे वाकडे येते. ओढणारा कोणत्या वाडीचा आहे हे तिथे कोणी विचारत नाही, हात मिळवून ओढतो की नाही एवढेच पाहिले जाते. रॅमचेही तसेच आहे.

आता आपल्याच संगणकाचे आकडे पाहू. आय३-८१०० हा प्रोसेसर रॅमला जास्तीत जास्त २४०० पर्यंतच चालवतो. त्यामुळे आपली ३२०० ची नवी पट्टीही तिथे २४०० नेच चालणार, आणि यात तिचे काहीही नुकसान नाही. वेगाने चालू शकणारी पट्टी सावकाश चालवणे तिला सोपेच जाते. २४०० म्हणजे एका सेकंदात २४०० दशलक्ष वेळा, आणि दर वेळी ८ बाइट, असा माहितीचा प्रवास. म्हणजे एका मार्गावरून सेकंदाला १९,२०० मेगाबाइट. जुन्या पट्टीच्या लेबलवर पीसी४-१९२०० असे छापलेले असेल तर तो हाच आकडा. विजेच्या दाबाची भीतीही इथे नाही. साध्या डीडीआर४ पट्ट्या, कंपनी कोणतीही असो, १.२ व्होल्टवर चालतात आणि मदरबोर्ड दोन्ही स्लॉटना तेवढाच दाब देतो. मदरबोर्डला इजा होते ती वीज चालू असताना पट्टी काढल्या-घातल्याने किंवा खाच न जुळवता जोर लावून बसवल्याने.

एक गोष्ट मात्र तपासावी. ३२०० ची पट्टी दोन प्रकारची मिळते. एक प्रकार १.२ व्होल्टवर मानकाप्रमाणेच ३२०० ला चालतो. दुसरा, बहुधा धातूचे आवरण असलेला, ३२०० ला चालण्यासाठी १.३५ व्होल्ट मागतो, आणि ती गती एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत ठेवलेली असते. त्याची मूळ नोंद अनेकदा २१३३ किंवा २४०० एवढीच असते. आपल्याकडे दुसरा प्रकार आला असेल तर दोन्ही पट्ट्या कदाचित २१३३ ने चालतील. पत्रिका किंवा फलक करताना हा फरक आपल्या लक्षातही येणार नाही. ४ वरून १२ जीबीवर गेल्याचा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे.

मग बिघाड कशाचा? माझा पहिला संशय त्या रिकाम्या स्लॉटवर आहे, आणि तो का आहे हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते.

आपला संगणक कित्येक वर्षे समुद्राजवळच्या दुकानात उभा आहे. जुन्या पट्टीचा स्लॉट या सगळ्या काळात भरलेला होता, त्यामुळे त्याचे स्पर्शबिंदू झाकलेले राहिले. दुसरा स्लॉट तेवढाच काळ उघडा पडला होता. कॅबिनेटचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि त्या हवेबरोबर धूळ आणि मिठाचे सूक्ष्म कणही येतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. स्वयंपाकघरातले मीठ पावसाळ्यात पाझरते ते याच कारणाने. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आर्द्रता दिवसच्या दिवस या पातळीच्या वर असते. स्पर्शबिंदूंवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो अतिशय पातळ असतो, आणि त्याच्या बारीक छिद्रांतून खारे पाणी खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचले की तिथे गंज धरतो. अशा स्लॉटमध्ये नवी पट्टी बसवली तर स्पर्श होतो, पण कच्चा होतो. दोन दिवस काम चालते, मग संगणक तापून-निवून धातू जरा हलला की एखाद्या बिंदूचा स्पर्श सुटतो आणि निळा स्क्रीन येतो. सकाळी संगणक चालू न होणे हे लक्षणही याच्याशी जुळते, कारण रात्रभर बंद राहिलेल्या थंड कॅबिनेटमध्ये ओल सर्वांत जास्त असते.

हा संशय खरा की खोटा हे आपल्याला पैसे न खर्चता ठरवता येईल. प्लग काढून, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग काम करावे. फक्त जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये ठेवून संगणक दिवसभर वापरावा, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग नवी पट्टी पहिल्यात आणि शेवटी नवी दुसऱ्यात. जुनी आणि नवी दोन्ही पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये नीट चालल्या आणि दोन्ही दुसऱ्यात अडखळल्या, तर दोष स्लॉटचा. नवी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडखळली तर दोष तिचाच, आणि ती वॉरंटीत बदलून मागावी. दोन्ही पट्ट्या दोन्हीकडे एकेकट्या उत्तम चालल्या आणि एकत्र आल्यावरच बिघडल्या, तरच त्या एकमेकींशी जुळत नाहीत असे म्हणता येईल. तेव्हाही आधी मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची नवी आवृत्ती घालून पाहावी आणि बायोसमध्ये रॅमची गती हाताने २१३३ वर ठेवून पाहावी.

दिवसभर वापरून पाहण्याबरोबर खरी चाचणीही करावी. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहेच, पण मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला तर तपासणी अधिक कसून होते. तो रात्रभर चालू द्यावा, मात्र विजा चमकत असतील त्या रात्री नको. त्यात एकही चूक दिसली तरी ती जोडणी नापास समजावी. "एखादी चूक चालते" असे रॅमच्या बाबतीत नसते, कारण ती एक चूक उद्या गिऱ्हाइकाच्या फाइलमध्येही उतरू शकते.

स्वच्छतेसाठी आपल्याकडे खोडरबर घासण्याची पद्धत आहे. तिने काम होते हे मी नाकारत नाही, पण ती पुन्हा पुन्हा केली की सोन्याचा मुलामाच झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज अधिक लवकर धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्टीची सोनेरी कड पुसावी. हाताला लावायचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. स्लॉटमधली धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढावी, मग त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारून तो पूर्ण वाळू द्यावा आणि पट्टी तीन-चार वेळा बसवून काढावी, म्हणजे स्पर्शबिंदू एकमेकांवर घासून स्वच्छ होतात. तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर ओल जाते. पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबून खटका बसेपर्यंत आत जाऊ द्यावी.

पावसाळ्यात दुकान काही दिवस बंद राहणार असेल, तरी शक्य असल्यास संगणक रोज तासभर चालू ठेवावा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहिली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप खाली येते.

४ आणि ८ अशी विषम जोडी चालेल का, अशी शंका आपल्या मनात असेल तर तीही सोडा. आपल्या प्रोसेसरवर दोन्हींतले ४-४ जीबी दोन्ही मार्गांनी एकत्र चालतात आणि उरलेले ४ जीबी एका मार्गाने.

प्रश्न : मी दापोलीत शिकतो. माझ्या रायझन ५ ३६०० संगणकात ८ जीबीच्या दोन, ३२०० सीएल१६ पट्ट्या आहेत. तशाच गतीच्या पण दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन टाकल्या तर चालतील का?

उत्तर : चालू होतील; ३२०० नेच चालतील असे नाही. आपण एक्सएमपीच्या गतीवर आहात आणि इथे मी वरच्यापेक्षा जास्त सावध राहीन, कारण ही गती पट्ट्यांच्या ज्या संचाची एकत्र चाचणी झाली, त्याच संचापुरती कंपनी हमी देते. शिवाय चार पट्ट्यांचा भार प्रोसेसरवर अधिक पडतो. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) पट्ट्यांना २९३३ आणि चार ड्युअल रँक (दोन गटांच्या) पट्ट्यांना २६६७ एवढीच अधिकृत मर्यादा दिली आहे. नव्या पट्ट्या घेताना नुसता ३२०० हा आकडा पाहू नका, सीएलही पाहा, म्हणजे मागितलेली माहिती द्यायला पट्टी किती ठोके घेते तो आकडा. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे १३.७५, दोन्ही मिसळल्या तर चारही पट्ट्या मंद जोडीच्या वेळेला येतील. जुनी जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये आहे तशी ठेवून नवी पहिल्या व तिसऱ्यात बसवावी आणि आधी २६६६ ला चाचणी करून मग गती वाढवत न्यावी. माझे मत विचाराल तर जुनी जोडी कोणा मित्राला विकून १६-१६ जीबीचा एकच संच घ्यावा.

प्रश्न : वेंगुर्ल्यातील माझ्या जुन्या संगणकात डीडीआर३ रॅम आहे. बाजारात स्वस्तात सर्व्हरची रॅम मिळते, ती किंवा डीडीआर४ तिच्यासोबत बसवता येईल का?

उत्तर : दोन्ही नाही. डीडीआर३ ला २४० पिना असतात, डीडीआर४ ला २८८, आणि खाचही वेगळ्या जागी असते; जोर लावून बसवू पाहाल तर स्लॉट तुटेल. सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्या आकाराने बसतात, पण साधा मदरबोर्ड त्या ओळखत नाही आणि स्क्रीन काळाच राहतो. आपल्याला साधी डेस्कटॉपची डीडीआर३ हवी, कंपनी कोणतीही चालेल. लेबलवर १.३५ व्होल्ट लिहिलेली डीडीआर३एल मिळाली तरी हरकत नाही, ती १.५ व्होल्टवरही चालते. "फक्त एएमडीसाठी" असे सांगून विकली जाणारी ८ जीबीची स्वस्त पट्टी मात्र इंटेलच्या संगणकासाठी घेऊ नये. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरणारच नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.