रॉडाची दुनळी आणि मुलाची फी

प्रश्न : वडील सात महिन्यांपूर्वी वारले. आजोबांच्या काळापासूनची बाराबोर दुनळी सध्या माझ्या कपाटात आहे, सोबत काडतुसांचा एक डबा. परवाना वडिलांच्या नावावर होता. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता’ असं कोरलंय. महाराजांनी ती आजोबांना दिली असं घरात सांगतात. इथला हत्यारांचा विक्रेता ७०,००० रुपये म्हणतो. लंडनचा मावसभाऊ म्हणतो, तिकडच्या लिलावात सहा लाख कुठे गेले नाहीत. धाकट्या भावाला ती घरातच ठेवायची आहे. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मी हे सहा लाख धरून चालले आहे. जूनमध्ये पहिला हप्ता भरायचा आहे. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, पैशाचं नंतर बोलू. आधी ते कपाट. परवाना वडिलांचा होता आणि तो त्यांच्यासोबत संपला. त्यामुळे आज ती बंदूक आणि डब्यातली काडतुसं विनापरवाना तुमच्या ताब्यात आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. सात महिने झालेत, उद्यावर टाकू नका. मात्र पिशवीत घालून स्वतः रिक्षाने निघू नका. ठाण्यात आधी कळवा, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना दाखवा, ते सांगतील तसं जमा करा आणि नळीवरच्या क्रमांकासह पावती घ्या. ‘एवढी जुनी आहे, तिला कसला परवाना?’ असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. सवलत आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. तुमची चालते.

आता किंमत. नळ्यांखालच्या शिक्क्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण खरी जन्मपत्रिका तिथेच असते. वर दिसतं ते नाव दुकानाचं. रॉडा ही कलकत्त्यातली हत्यारं विकणारी बडी पेढी. २६ ऑगस्ट १९१४ ला बंगालच्या क्रांतिकारकांनी मॉझर पिस्तुलांच्या पेट्या पळवल्या त्या हिच्याच. अशा पेढ्या विलायतेतून माल मागवून त्यावर आपलं नाव घालत. तुमच्या फोटोत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ असे तीन शिक्के आहेत. हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे, आणि या रूपात ते १९०४ पासून सुरू झाले. त्याआधी मुकुटाखाली दोन राजदंडांची फुली असायची. ‘एनपी’ म्हणजे नळ्या धूर न करणाऱ्या नव्या दारूवर तपासलेल्या आहेत. चौकटीत १२ आणि ‘सी’ आहे, पण काडतुसाच्या घराची लांबी कुठेच कोरलेली नाही. ती १९२५ च्या नियमांनंतर कोरू लागले. म्हणजे तुमची बंदूक १९०४ ते १९२५ च्या दरम्यानची. काडतुसावर आपटणारे घोडे बाहेर दिसत नाहीत आणि बाजूला लांब पट्ट्याही नाहीत, तेव्हा ही ‘बॉक्सलॉक’ बांधणी. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी ती १८७५ मध्ये काढली आणि पुढे निम्म्या बर्मिंगहॅमने उचलली.

लाखांत जातात त्या लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या बाजूपट्टीच्या बंदुका, त्यातही पेटीसकट जोडी असेल तर. दुकानाच्या नावाच्या साध्या बॉक्सलॉक दुनळ्या ब्रिटनमध्ये काही शे पौंडांतही मिळतात. मावसभावाने लिलावाच्या यादीतला बहुधा भलताच आकडा वाचला असावा.

आणि समजा तिकडे सहा लाख येणार असते, तरी बंदूक तिकडे जाणार कशी? शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे बंदूक जितकी जुनी ठरवाल, तितकं लंडन लांब जाणार. तिचा बाजार इथलाच आहे, आणि तोही परवाना असलेल्यांपुरता. १९७२ च्याच वन्यजीव कायद्याने शिकार संपली, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली. गिऱ्हाईक कमी झालं ते असं. उलट बाजूला, परदेशी बंदुकांची खासगी आयात कित्येक वर्षं बंद असल्यामुळे विलायती मालाला इथे जरा जास्त भाव मिळतो. त्यामुळे ७०,००० ऐकून मला राग आला नाही. पण तो विक्रेत्याचा पहिला शब्द आहे, आणखी दोघांना दाखवा. जमा केल्यावरही विक्रेत्यासमोर तपासणी करता येते. नळ्या, मधला सांगाडा आणि पुढचं लाकूड या तिन्हींवरचा क्रमांक एकच आहे का, नळीत खड्डे किंवा पोचे आहेत का, सांध्यात हलते का, हे त्याला तुमच्यादेखत बघायला सांगा. सुटी केलेली नळ्यांची जोडी दोरीला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली पाहिजे. भदभद वाजली तर मधल्या पट्टीचं डाखकाम सुटलंय, आणि ७०,००० विसरायचे.

‘महाराजांनी आजोबांना दिली’ ही कोल्हापुरात मी अनेक घरांत ऐकलेली गोष्ट आहे. कागद असेल तर तिला किंमत येते: खरेदीची पावती, संस्थानी परवाना, एखादं पत्र. आजोबांची ट्रंक एकदा उपसा.

फीच्या हिशोबात ही बंदूक मी शून्य धरेन. वारसाच्या नावे परवाना, पोलीस पडताळणी, बाकी वारसांची संमती, हे जूनच्या आत होईल या भरवशावर राहू नका. पुढे परवानाधारकाने स्वतःचं हत्यार दुसऱ्याला विकायचं तरी लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं. पहिला हप्ता मुदत ठेवीतून भरा. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज आत्ताच करा. म्युच्युअल फंडातली चालू एसआयपी असेल तर मोडू नका.

कराची काळजी त्यामानाने कमी. वारशाने आलेल्या वस्तूवर कर नाही. विकताना ती वैयक्तिक वापराची जंगम वस्तू धरली तर भांडवली नफाही लागत नाही. मात्र कलाकृती किंवा पुराणवस्तूंचा संग्रह म्हणून दाखवली तर लागू शकतो. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

राहिला भाऊ. त्याला खरंच हवी असेल तर मी त्याच्याच बाजूचा आहे. परवाना त्याने काढावा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण त्याने करावं आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या खेपाही त्यानेच घालाव्यात. वारस तुम्ही दोघंच असाल तर ७०,००० ला धरून तुमचे ३५,००० त्याने द्यावेत, आणि ते परवाना हातात पडल्यावर. आधी घेऊ नका, नाहीतर परवाना नाकारला गेला की भाऊबहिणीत तेवढंच निमित्त. परवान्याच्या खेपा ऐकून त्याचा उत्साह मावळला, तर विकून मोकळे व्हा.

एक राहिलंच. शेवटच्या फोटोत दस्त्यावर कोणीतरी ताजं व्हार्निश लावायला सुरुवात केलेली दिसते. ते तिथेच थांबवा, आणि नळ्यांना पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका. शिक्के पुसले गेले की विक्रेता ७०,००० सुद्धा म्हणणार नाही.