पद्मिनीला फ्युएल इंजेक्शन बसवण्यापूर्वी

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) काढून तिथे फ्युएल इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवण्याचा तुमचा बेत उत्तम आहे आणि पद्मिनीचे १०८९ सीसीचे साधे इंजिन शिकण्यासाठी योग्यच आहे. मात्र सुरुवात किट मागवून करू नका. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा, टॅपेट (व्हॉल्व्हमधील फट) आणि इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) नीट करून घ्या, कारण थकलेले इंजिन इंजेक्शनने सुधारत नाही, उलट दोष नेमका कुठे आहे हेच कळेनासे होते.

खरी काळजी पेट्रोलच्या मार्गाची घ्यावी लागते. कार्ब्युरेटरचा मेकॅनिकल पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब देतो, तर बहुतेक इंजेक्शन प्रणालींना सुमारे ३ बार लागतो; त्यामुळे जुनी रबरी नळी तशीच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. उच्च दाबाचीच नळी आणि तिच्यासाठीचेच क्लॅम्प घ्या. टाकीवरचे, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या गेजचे युनिट काढून टॉर्चने आत पाहा: मुंबईच्या दमट हवेत तिथे अनेकदा तांबूस गंज धरलेला असतो आणि तोच फिल्टर व इंजेक्टर तुंबवतो.

इंजेक्शनच्या अर्थिंगची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायर रंगावर बसवू नका. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा.

पहिल्या खेपेस कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी, इंजेक्टर आतच असलेली थ्रॉटल बॉडीच (हवेची झडप असलेला भाग) निवडा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आणि इग्निशन मॅपिंग (ठिणगीची वेळ संगणकाने ठरवणे) हे विषय गाडी महिनाभर बिनतक्रार धावल्यावर जरूर विचारा.