दात पांढरे झाले की मग हसेन

लग्न ठरलेली मुलं-मुली समुपदेशनाला आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅडम, दात पिवळे आहेत, म्हणून हसताच येत नाही." गेल्या काही वर्षांत ते इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा लिहायलाच हवं. ही हकिगत सव्वीस वर्षांच्या एका मुलीची, ओळखीचे तपशील बदलून. लग्न तीन महिन्यांवर. बोलताना ओढणीचं टोक ओठांशी, साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत तोंड मिटलेलं.

"काय काय करून पाहिलंस?"

"रोज सकाळी लिंबू-मीठ, मधूनमधून कोळशाची पावडर. घासलं की उजळ वाटतात."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. आता तर गार पाणीही झोंबतं."

"सुरुवात केलीस तेव्हापेक्षा दात पांढरे आहेत की पिवळे?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पिवळेच."

दाताचं वरचं आवरण, इनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो २च्या आसपास. त्या मऊ पडलेल्या थरावर मीठ नाहीतर कोळसा घासला की तो झिजतो आणि पुन्हा उगवत नाही. आतला पिवळा रंग जास्त दिसतो, भीती वाढते, हात अजून जोरात चालतो. "तू सुंदरच आहेस" असं सांगून कुणाचा हात थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून माझी सुरुवात नेहमी कृतीपासून. लिंबू, मीठ, कोळसा बंद. मऊ ब्रश आणि झोंबणं कमी करणारी, ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट. मोबाइलवर दात झूम करून बघणं बंद; आठवड्यातून एकच फोटो, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता.

शिवाय दंतवैद्यांना एकदा दाखवून ये म्हटलं. त्यांनी दातांच्या छटांचे नमुने असलेली रंगपट्टी दाताशी धरली. तिचा दात 'ए-२' निघाला, म्हणजे चारचौघांत सर्रास दिसणारी छटा. सुळे जरा गडद होते, ते सगळ्यांचेच असतात.

"मग तुला कोणती छटा हवी?" मी विचारलं.

"बी-१." पट्टीवरची सगळ्यात उजळ.

"आणि त्याच्या खालोखालच्या ए-१वरच थांबलं तर? हसायचं की नाही?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि खळखळून हसली. "म्हणजे मी काय पट्टीला विचारून हसणार?"

ओढणी मांडीवर पडली होती. तिला ते कळलंसुद्धा नाही. मी मुद्दामच बोलून दाखवलं नाही. हसण्यावर अट घातलेली असते ती दातानं नाही, आपण. ही गाठ ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सोडवली तरच सुटते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दात पांढरे करूच नयेत का? खुशाल करावेत, फक्त क्रम नीट असावा. आधी तपासणी आणि क्लिनिंग. चहा, तंबाखू, मिश्री यांचे वरवरचे डाग त्यातच बरेचसे निघतात. क्लिनिंगनं दात हलायला लागतात अशी भीती असते, पण ते हलत नाहीत. साचलेलं किटण निघाल्यावर फट मोकळी दिसते इतकंच. त्यानंतर ब्लीचिंग, म्हणजे रसायनानं दातांचा रंग उजळवणं. घरी करायचं तर दंतवैद्य मापाचा ट्रे बनवून देतात. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल (हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात साधारण ३.५ टक्के), दर दातामागे एक बारीक थेंब, साधारण दोन आठवडे. जास्त भरलं की जेल हिरडीवर येतं, हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. दवाखान्यात २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, म्हणून आधी हिरडीवर संरक्षक लेप लावतात. त्या दिवशी दात खूपच पांढरे दिसतात, कारण ते कोरडे पडलेले असतात. थोड्या दिवसांत रंग जरा खाली उतरतो. पैसे वाया गेले म्हणून पुष्कळजण इथेच घाबरतात.

कॅप आणि फिलिंग यांचा रंग ब्लीचनं बदलत नाही. मार लागून एकच दात करडा झाला असेल तर त्याचा आधी एक्स-रे. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग दिसतात, त्यांचे उपाय वेगळे. गरोदरपणात ब्लीचिंग टाळावं.

तिनं क्लिनिंग आणि ट्रे निवडला. पुढच्या दाताचं जुनं फिलिंग ब्लीचिंगनंतर दोन आठवड्यांनी बदलायचं ठरलं, कारण इनॅमलमध्ये जेलमधून आलेला ऑक्सिजन उरलेला असताना नवं फिलिंग नीट चिकटत नाही. हे सगळं हळदीच्या तीन आठवडे आधी संपेल असं बसवलं. चहा सोडायला मात्र ती तयार झाली नाही. प्रत्येक कपानंतर चूळ भरायची, यावर तडजोड झाली.